धुऱ्यावरचं कोहळं

हस्तकला माझ्या रक्तात आहे. म्हणजे मी हस्तकलेला बसलो की रक्त निघतंच.

चौथीत असताना मी पुठ्ठ्याचं विमान केलं होतं. ते आमच्या गावावरून उडत थेट आर्णीच्या बाजारात उतरलं आणि दोन माणसं माहूरला जायचं म्हणून त्यात बसायला आली, असं मी अजूनही सांगतो. (ते उडालं नव्हतं. शेजारच्या म्हशीनं खाल्लं. पण म्हैस त्यानंतर दोन दिवस जरा हवेत असल्यासारखी चालायची, हे गावातल्या कोणालाही विचारा.)

अशा कलावंताच्या मोबाईलवर दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा मेसेज आला. माझी मुलगी चिनू तिसरीत. शाळा आर्णीला, इंग्रजी माध्यमाची. मुलांनी पालकांसोबत बसून हॅलोवीनच्या साध्या सोप्या वस्तू तयार कराव्यात, असं बाईंनी लिहिलं होतं. भोपळ्याचा कंदील, कापसाचं भूत आणि काळं वटवाघूळ. एकतीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोटो पाठवायचा.

मेसेज वाचून माझे हात शिवशिवले. चिनू होतीच, शिवाय माझ्या बहिणीची पोरगी परी सुट्टीला आली होती. दोन कारागीर आणि एक उस्ताद. फक्त भोपळा हवा होता, आणि गावातलं सगळ्यात देखणं कोहळं आमच्याच टिनाच्या छपरावर पिकलं होतं. आमच्या भागात लाल भोपळ्याला कोहळंच म्हणतात. ते मायनं तुळशीच्या लग्नाला गुळाची बोंडं तळायला राखलं होतं. तिच्या परवानगीशिवाय त्याच्यावर माशीसुद्धा बसत नसे.

"माय," मी म्हटलं, "पोरीले हॅलोवीन कराचं हाय."

"काय हलवीन?"

"हलवीन नाई वो. हॅलोवीन."

"तेच तं इचारून राह्यलो मी. कोण हलवीन? अन् कायले हलवीन? हाय तिथं राहू द्या नं."

चिनूनं सूत्रं हातात घेतली. "आजी, त्या दिवशी भूतं येतात. म्हणून कोहळ्याले तोंड काढून दारात ठेवाचं."

"मंग बी आले तं?"

"चॉकलेट द्याचं."

मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. "हे पाहा, सर्वपित्रीले सारे जेवून गेले. वडे होते, खीर होती, कोणाची काई तक्रार नव्हती. आता पुन्हा कोणी आलं तं मी रांधणार नाई. सांगून ठेवतो."

पण नातीपुढं आजीचं काय चालतं? अर्ध्या तासात तह झाला. कलमं दोन. एक, आतला गर मायचा, टरफल आमचं. दोन, तोंड काढलेलं कोहळं घरात एक घटका ठेवायचं नाही. सणासुदीला दारात भूत नको.

माझी बायको वैशाली विळा घेऊन कोहळ्याकडं निघाली, तशी माय गरजली. "थांब वो! कोहळ्याले बाई पहिला घाव नाई घालत. घरातला थोरला लेक असते तो. माणसाले बलाव."

आमच्याकडं ही रीत आहेच. कोहळं म्हणजे थोरला मुलगा, त्याच्यावर बाईनं शस्त्र धरायचं नाही. (म्हणजे मुलाला मुलानंच कापायचं. पण रीतीला प्रश्न विचारायचे नसतात.) मी घरातला थोरला लेक. दुसऱ्या थोरल्या लेकासमोर विळा घेऊन बसलो.

पहिला घाव विळ्याच्या मुठीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. ओढला तर विळ्यासोबत कोहळं उठलं. झटकलं तर कोहळं अंगणात धावत सुटलं. मी मागं. गोठ्याला एक चक्कर, तुळशीला दोन, न्हाणीजवळ मी त्याला गाठलं. शेवटी दोन्ही पायांच्या कात्रीत धरून त्याची टोपी कापली. त्या कुस्तीत माझं एक बोट कापलं. त्याचं रक्त एवढं निघालं की कोंबड्या उंचावर जाऊन बसल्या.

"झालं," मी म्हटलं. "आता तोंड काढतो."

"नाई बाबा," चिनू म्हणाली. "तोंड आमी काढतो. तुमी फक्त समोर बसा. अन् हलू नका."

म्हणजे 'कोण हलवीन?' हा मायचा प्रश्न बरोबर होता.

मी बसलो. चिनू कोळशानं कोहळ्यावर रेघ ओढायची, माझ्याकडं बघायची, पुन्हा रेघ ओढायची. कलावंत घरात असला की पोरं दाद मागायला त्याच्याकडं बघतात, हे मला माहीत होतं. मी डोळ्यांनी दाद देत राहिलो. रेघा झाल्यावर पोरींनी चमच्यानं भोकं कोरली. मिशी म्हणून नारळाची शेंडी डकवली. नाकाच्या डाव्या बाजूला एक काळं मिरं खोचलं.

"हे काय वो?"

"तीळ."

"भुताले तीळ असते?"

"या भुताले असते."

दात लसणाच्या पाकळ्यांचे. परीनं ओळीनं बसवले, मोत्याच्या सरासारखे. मग चिनू म्हणाली, "बाबा, जरा हासा बरं." मी हसलो. तिनं परीला कोपर मारलं आणि परीनं वरच्या ओळीतली एक पाकळी उपटून टाकली.

"काहून काढला वो चांगला दात?"

"तसंच पाह्यजे मामा."

(माझाही वरचा एक दात नाही. तो वाघाशी झालेल्या झटापटीत गेला, असं मी पोरींना सांगून ठेवलं आहे. वाघ म्हणजे हँडपंपाचा दांडा.)

तोवर उस्तादानं आपली कामं उरकली होती. फाटक्या छत्रीच्या कापडाची सहा वटवाघळं कापली. घरच्या, गेल्या सालच्या कापसाची तीन भुतं वळली. त्यांना डोळे काय लावावे, असा विचार करताना मायच्या डब्यातले बिब्बे दिसले. काळेभोर, तुळतुळीत. दारावर लिंबू-मिरचीसोबत ओवायला ती ते ठेवते. सहा बिब्बे, तीन भुतं, हिशोब जन्मतःच जुळलेला. कोहळ्याच्या ओठातून रक्त गळायला हवं होतं, ते मी कुंकू कालवून गाळलं. अशी कल्पना सुचायला डोकं लागतं.

घरात ठेवायची बंदी, म्हणून वरात वावरात गेली. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक कडुनिंब आहे आणि त्याच्या बुडाशी सपाट दगड. फोटोसाठी याहून चांगली जागा यवतमाळ जिल्ह्यात नाही. दगडावर कोहळं ठेवलं, आत पणती लावली, फांदीला भुतं आणि वटवाघळं टांगली. सूर्य टेकत होता. कोहळ्याच्या डोळ्यांतून उजेड आला आणि परी माझ्या मागं लपली. मी कोहळ्याच्या शेजारी बसलो, चिनूनं फोटो काढला, तिथूनच पाठवला.

बाईंचं उत्तर लगेच आलं. "व्हेरी गुड चिनू. दोन्ही खूप भीतीदायक झालेत."

फोटोत कोहळं होतं आणि मी होतो. भुतं वर राहिली होती, ती फोटोत आलीच नव्हती. मग दुसरं कोणतं, याचा मी घरी येईपर्यंत विचार केला. शेवटी ठरवलं की बाईंना टोपी आणि खालचा भाग अशी दोन कोहळी वाटली असतील.

सामान तिथंच सोडलं. घरी नेलं असतं तर मायनं आम्हालाही गोठ्यात झोपवलं असतं. आणि सोडताना मी एकच बारीकशी गोष्ट विसरलो.

दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर सीतादही होतं.

ज्यांच्याकडं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाच्या पहिल्या वेचणीला वेचणाऱ्या बाया आधी धुऱ्यावर पूजा मांडतात, वावरात दहीभात शिंपडतात, आणि मगच पहिलं बोंड तोडतात. त्याशिवाय कापसाला हात लागत नाही. इकडं आमचं वावर पांढरंफेक फुटलं होतं आणि वर आभाळ काळं झालं होतं. फुटलेल्या बोंडावर पाणी पडलं की कापूस पिवळा पडतो, त्याची कवडी होते, आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. वेचायला बाया मिळणं म्हणजे लग्नसराईत बॅण्डवाला मिळणं. यमुनामावशीच्या हाताखाली बारा बाया. तिच्या घरी मी चार चकरा मारल्या तेव्हा तिनं एक दिवस दिला होता. "उद्याचा दिवस तुह्या, परवा पाटलाचा. मंग पंधरा दिवस माह्याकडं पाहू नको."

तो उद्याचा दिवस उजाडला. मी मोटारसायकलवर वावरात पोचलो तेव्हा ऑटो धुऱ्यापासून लांब उभा होता आणि बाराही बाया ऑटोच्या मागं उभ्या होत्या. यमुनामावशी पुढं, कमरेला ओटी बांधलेली, हात कमरेवर.

"काय झालं मावशी? उतरा नं वावरात."

"काय झालं म्हणते! दगडावर पाहा."

"कोहळं हाय ते."

"आमाले बी डोळे हाय. कोहळं हाय, कुंकू हाय, दिवा हाय. वर बिब्बे लटकून राह्यले. ह्याले काय म्हणतात ते मले नको सांगू. तुह्या वावरात कोणीतरी करणी करून गेलं."

मी मोठ्यानं हसलो. एवढं सोपं उत्तर असताना माणूस हसणारच. "अवं कोणी कायले करन? मीच केलं ते."

बारा बाया एक पाऊल मागं सरकल्या. ऑटोवाल्यानं इंजिन सुरू केलं.

"सोताच्या वावरावर?" मावशीचा आवाज बसला.

"पोरीच्या शाळेतून सांगतलं होतं."

"शाळेत आता हे बी शिकवतात?"

मागून एक तरणी बाई म्हणाली, "इंग्रजी शाळेत शिकवत असन वो. म्हणून तं आपले पोट्टे मागं राह्यले."

"अवं मावशी, तसं नाई. तो इंग्रजांचा सण हाय. त्या दिवशी त्यांच्याकडं भूतं येतात, म्हणून ते असं कोहळं मांडतात."

"मंग आले?"

"कोण?"

"भूतं. तू मांडलं, मंग आले असतीन नं. कुठी हाय आता?" आणि ती माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली. मीही वळून बघितलं, ते चुकलंच. बाराही बायांनी पदर तोंडाला लावले.

आभाळात कुठंतरी गडगडलं. पाटलाचं वावर रस्त्यापलीकडंच होतं, आणि पाटील तिथं उभा राहून दोन्ही हातांनी बायांना 'इकडं या' करत होता. आता शब्दांचं काम नव्हतं, कृतीचं होतं. मी छाती काढून दगडाजवळ गेलो.

"पाहा सारे जणं! कोहळंच हाय हे, दुसरं काई नाई. आत सारं पोकळ. हात घालून दाखवतो."

आणि कोहळ्याच्या तोंडात मी कोपरापर्यंत हात घातला.

आत कोणीतरी होतं.

ते मऊ होतं, केसाळ होतं, आणि माझ्या बाहीतून वर निघालं होतं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो आर्णीच्या एसटी स्टँडवर ऐकू गेला आणि घाबरून एक गाडी वेळेवर सुटली, असं सांगतात. मी जागेवरून उडालो. (विमान नाही उडालं, मी उडालो.) उतरलो ते फवारणीचं पाणी साठवायच्या खड्ड्यात, गळ्यापर्यंत गाळात. बाहीतून एक खार बाहेर पडली, माझ्या डोक्यावर पाय देऊन कडुनिंबावर गेली आणि वरून मला शिव्या देत बसली. बिया खायला बिचारी आत शिरली होती. पण ती खार आहे हे मला आणि तिलाच दिसलं. बायांना दिसलं ते असं: माणसानं तोंडात हात घातला आणि कोहळ्यानं माणूस फेकून दिला.

बारापैकी नऊ बाया ऑटोत बसल्या. तो ऑटो चार माणसांचा होता.

"चाल रे," यमुनामावशी ऑटोत चढत ऑटोवाल्याला म्हणाली. "पाटलाच्या वावरात घे."

मी खड्ड्यातून हात जोडले. "मावशी, आजचा दिवस जाऊ नको देऊ वो. पाणी येऊन राह्यलं. सारा कापूस जाईन माह्या."

"भाऊ, मले तुही कीव येते," ती म्हणाली, आणि खरंच येत होती. "पण माह्या बारा घरच्या बाया हाय. त्याईले काई झालं तं मी कोणाले तोंड दाखवू?"

यावर माझ्याकडं थापही नव्हती. हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

तेवढ्यात वैशालीची स्कूटी आली. पुढं दहीभाताचा डबा, मागं चिनू आणि परी. वैशालीनं मला बघितलं, ऑटो बघितला. "अवो, चिखलात काय करून राह्यले? पूजा व्हाची हाय नं?"

चिनू उडी मारून धावत आली. पोर बापाच्या ओढीनं धावली म्हणून माझा ऊर भरून आला. मी गाळातून हात वर केला. ती माझ्या बाजूनं तशीच पुढं गेली, कोहळ्यासमोर बसली आणि ओरडली, "आई, बाबाची मिशी निघाली!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मिशी चाचपली. मिशी जागेवर होती.

"कोणत्या बाबाची वो?" मावशीनं ऑटोतून डोकं काढलं.

"हे नं." चिनूनं कोहळ्याला नारळाची शेंडी पुन्हा डकवली. "हे बाबा हाय. आमी बाबाले समोर बसवून, पाहू पाहू बनवलं."

कडुनिंबावरची खारसुद्धा खाली वाकून बघायला लागली.

यमुनामावशी ऑटोतून उतरली. दबकत दबकत दगडापर्यंत आली. वाकून कोहळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग कोहळ्याकडं.

"तीळ बी तिथंच हाय," ती स्वतःशी म्हणाली. मग मला म्हणाली, "भाऊ, इकडं ये. ह्याच्या बाजूले बस."

बसलो.

"आता हास बरं."

माणसाला स्वाभिमान असतो. पण समोर पांढरं वावर उभं होतं, मागं काळं आभाळ होतं आणि पलीकडं पाटील हात हलवत होता. मी हसलो. वरचा दात नसलेलं, पूर्ण हसलो.

आधी ती तरणी बाई खिदळली. मग मावशीनं दगडावर हात टेकला, खाली बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ऑटोतल्या नऊ जणी एकदम उतरायला गेल्या आणि ऑटो एका अंगावर कलंडला. "अवं माय, तोच हाय वो!" "कोहळ्याचं नाक जरा बरं हाय." "अन् रंग बी उजळ हाय." एकजण तर माझ्या गालावर बोट टेकवून बघून गेली, शिजलाय का ते.

"सांगाचं नं मंग आधी," मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली. "करणीले भेतो आमी. तुले कायले भेवो?"

पूजा झाली. मावशीनं दगडाला हळदकुंकू वाहिलं, मग थोडं कोहळ्याच्या कपाळाला लावलं, दहीभात वावरात शिंपडला आणि पहिलं बोंड तोडलं. त्या दिवशी चौदा बायांनी जी वेचणी केली, तशी मी पुन्हा बघितली नाही. (चौदावी वैशाली. हसायला कोणी सोबत मिळत असलं की तिला काम आठवतं.) कोणी थकलं की धुऱ्याकडं बघायचं, हसायचं आणि पुन्हा वाकायचं. शेवटचं गाठोडं बैलबंडीवर चढलं, ताडपत्री ओढली आणि थेंब पडायला लागले. पाऊस रस्त्यापलीकडं गेलाच नाही म्हणून पाटलाचा कापूस भिजला नाही, तोही त्या बायांनीच दुसऱ्या दिवशी उघडीप पाहून वेचला. मात्र वेचायच्या आधी त्यांनी पाटलाकडं हसायला माझं कोहळं मागितलं होतं म्हणे.

वेचणी झाली त्या संध्याकाळी मायला सगळं सांगितलं. मी सांगितलं त्यात खार बिबट्याएवढी होती. माय ऐकत ऐकत गर किसत होती. शेवटी म्हणाली, "कोहळ्याले थोरला लेक म्हणतात, ते उगाच नोहे. दोघं बी आतून पोकळ."

कोहळं आम्ही घरी आणलंच नाही. काठीवर बसवून, माझा जुना सदरा घालून वावरात उभं केलं. रानडुकरं तेव्हापासून आमच्या धुऱ्याला वळसा घालून पाटलाकडं जातात.

चार दिवसांनी मी तुरीत बसलो होतो. वैशाली डबा घेऊन आली. मी तिला दिसलो नाही. तिनं धुऱ्यावर उभं राहून दहा मिनिटं कोहळ्याला झापलं. गॅस सिलिंडर, टिनाचं गळणं, माझ्या बहिणीचा फोन, सगळं काढलं. मग एकदम थांबली, जवळ गेली, निरखून बघितलं आणि डबा ठेवून निघून गेली.

घरी आल्यावर मी विचारलं, "मी नोहो, हे समजलं कवा?"

"लय वेळ झाला," ती म्हणाली, "तरी एक बी थाप मारली नाई, तवा."